रविवारचा अलेफ-बेत

रविवारी सकाळी दहा वाजता तुम्ही काय करत असता? झोपलेले असता? ब्रंच? की जिमला जायचं ठरवून न जाणं? माझंही अगदी हेच चालायचं. आठवडाभर ऐरोलीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये क्लायंटची बोलणी खायची आणि रविवारी दुपारी एकपर्यंत कुणाशीही एक अक्षर बोलायचं नाही, हा माझा नियम होता. मग फेब्रुवारीत आत्याचा फोन आला.

‘‘माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. आठ-दहा रविवार मुलांना तू बघ. पेसाखपर्यंत.’’

‘‘कुठल्या मुलांना?’’

‘‘क्लासच्या. सहाच आहेत. अलेफ-बेत आणि गाणी. तुला काय अवघड आहे? तू तर रोज प्रेझेंटेशनं देतेस.’’

आत्याला नाही म्हणता येत नाही. आमच्या घरात तो पर्याय कुणी ठेवलेलाच नाही.

इथे थोडं स्पष्टीकरण द्यायला हवं. माझं आडनाव ‘कर’वर संपतं, त्यामुळे ऑफिसात अर्ध्या लोकांना मी सीकेपी वाटते आणि उरलेल्यांना अलिबागची. दुसरा अंदाज तसा चुकीचा नाही. आम्ही बेने इस्रायल. कोकण किनाऱ्यावर जहाज फुटून आलेल्या ज्यूंचे वंशज, अशी आमची परंपरा. गावागावात तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक ‘शनिवार तेली’ म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनच्या नावातली ‘मशीद’ म्हणजे १७९६ साली बांधलेलं आमचं सिनेगॉग, असं मानतात. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल. (अब्राहमचा आबाजी, सॅम्युएलचा सामाजी! पासपोर्ट ऑफिसला हे समजावून बघा.) आमचे सणही असेच. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, सुक्कोथ म्हणजे खिरीचा सण, तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण. आज भारतात आम्ही काही हजार उरलोय, बहुतेक मुंबई-ठाण्यात. २०१६मध्ये राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा ऑफिसात माझ्याकडे पार्टी मागितली गेली. कशाबद्दल, ते मला अजून कळलेलं नाही.

तर, क्लास.

पहिल्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन आत्याच्या ठाण्याच्या हॉलमध्ये हजर. बावीस अक्षरं, बावीस स्लाइड्स. प्रत्येक अक्षर उडत येतं, गोल फिरतं, खाली नाव उमटतं. रात्री दोनपर्यंत बसून केलेलं काम. समोर चार ते आठ वयाची सहा पोरं. पाचव्या स्लाइडला एकाने चप्पल फेकली, सातव्याला दोघं सोफ्याखाली गेले. अकराव्या स्लाइडला मुलग्यांतला सगळ्यात धाकटा, वय वर्षं पाच, उठून लॅपटॉपजवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, ‘‘आत्याआजी असं नाही शिकवत.’’ त्याचं खरं नाव इथे देत नाही. आपण त्याला धाकटे साहेब म्हणू, कारण तो बोलतो तसाच.

आत्याआजी कसं शिकवते? ते मला मग हॉस्पिटलच्या बेडवरून कळलं. स्टीलचं ताट घ्यायचं. त्यावर काकवीने अक्षर काढायचं. मुलाने बोट त्याच अक्षरावरून उजवीकडून डावीकडे फिरवायचं, नाव म्हणायचं आणि बोट चाटायचं. बस्स. युरोपातल्या ज्यूंमध्ये मुलाला पहिल्यांदा अक्षरओळख करून देताना पाटीवर मध लावायची फार जुनी चाल आहे. आत्याने मधाच्या जागी काकवी आणली. ‘‘मध महाग पडतो आणि ओघळतो. काकवी जागेवर राहते,’’ हे तिचं शास्त्र.

पुढच्या रविवारी काकवीवर चार अक्षरं अर्ध्या तासात झाली. चौघांच्या शर्टांची वाट लागली हे खरं, पण कुणी सोफ्याखाली गेलं नाही.

मला या क्लासात सगळ्यात जास्त मजा कशात आली असेल, तर मराठी तोंडांत हिब्रू कसं बसतं ते बघण्यात. हिब्रूत ‘त्सादी’ नावाचं अक्षर आहे. ते म्हणताना इंग्रजी मीडियमवाले मोठे लोक ‘टीझेड, टीझेड’ करत घाम गाळतात. आपल्या मुलांना एकच वाक्य सांगायचं : चोरातला च. संपलं! ‘झायिन’ म्हणजे जखमेतला ज. ‘शिन’ तर आपला श. अडतं ते फक्त ‘खेत’ला, तिथे घशाच्या तळातून खर्रकन आवाज काढावा लागतो. त्यासाठी मी ‘मासा खाताना काटा अडकलाय’ हा खेळ काढला. आमच्या मुलांना त्याचा सराव घरूनच असतो.

अडचण वेगळीच. आपली बाराखडी किती सज्जन आहे, हे हिब्रू शिकवायला लागल्यावर कळतं. हिब्रूची बावीस अक्षरं ही व्यंजनं. स्वर म्हणजे अक्षराखाली-वर दिलेले ठिपके आणि रेघा. मुलांच्या पुस्तकात आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ते असतात. मोठ्यांच्या वर्तमानपत्रात ते बहुतेक गायब! म्हणजे क, म, ल एवढंच लिहायचं आणि ते कमल आहे, कमाल आहे की कोमल, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. वर ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी. एकाचा कोपरा टोकदार, दुसऱ्याचा गोल. काकवीत तर दोन्ही गोलच होतात. माझी सहाच्या सहा मुलं आजही तिथे गोंधळतात, आणि खरं सांगू? घाईत असले तर मीही.

म्हणून गाणी. अक्षरं विसरतात, गाणं विसरत नाही. पेसाखच्या रात्री, पौर्णिमेला, सगळं घर सेदेरच्या टेबलाभोवती बसतं, मिसरच्या गुलामीतून सुटल्याची गोष्ट वाचतं, बेखमीर भाकर आणि खजुराचा शिरा खातं. त्या गोष्टीची सुरुवातच घरातल्या सगळ्यात लहान मुलाने करायची असते. त्याने ‘मा निश्ताना’ म्हणायचं, म्हणजे ही रात्र वेगळी का, असे चार प्रश्न गाऊन विचारायचे. मग मोठ्यांनी रात्रभर उत्तर द्यायचं. मला ही आयडिया फार आवडते. आपल्याकडे एरवी लहान मुलांनी प्रश्न विचारला की ‘गप बस, पाहुणे आहेत’ असतं. इथे प्रश्न विचारला नाही तर कार्यक्रमच सुरू होत नाही.

शेवटाकडे जागं राहावं म्हणून पुन्हा दोन गाणी. ‘खाद गाद्या’त बापाने विकत घेतलेलं करडू असतं. त्याला मांजर खातं, मांजराला कुत्रा चावतो, मग काठी, आग, पाणी, बैल, कसाई, थेट मृत्यूच्या दूतापर्यंत साखळी. मुलं यात एकेक प्राणी होतात आणि एकमेकांना खरंच चावतात. गंमत म्हणजे हे गाणं हिब्रूत नाहीच, अरामी भाषेत आहे! मला हे तिसऱ्या रविवारी कळलं. तोवर मी ते ‘सोपं हिब्रू’ म्हणून शिकवत होते. दुसरं, ‘एखाद मी योदेआ’. एक कोण जाणतो, दोन कोण जाणतो, असं तेरापर्यंत मोजत जायचं. एक देव, दोन पाट्या, पाच तोराची पुस्तकं, बारा वंश. नऊ म्हणजे पोटातल्या बाळाचे नऊ महिने. तिथे मी दर वेळी जरा भरभर गाते.

गाडी अशी बरी चालली होती. मग क्लासमधली सगळ्यात मोठी, आठ वर्षांची, डोळ्यांवर चष्मा, हिने हात वर केला. ‘‘ताई, ‘निश्ताना’ म्हणजे नक्की काय?’’

मी म्हटलं, ‘‘म्हणजे... वेगळं.’’

‘‘‘वेगळं’ की ‘वेगळी झाली’?’’

मी पाणी प्यायला आत गेले.

खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की मी हिब्रू वाचते, गाते, चुकलं तर ओळखतेही. पण मला ती समजत नाही. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेल्या ओळींमधले मोजून वीस शब्द मला माहीत होते. आणि मी शिक्षिका!

घरी येऊन मी जरा वाचायला घेतलं. मग मला माझ्या अज्ञानाबद्दल थोडं बरं वाटलं, कारण ते चांगलं खानदानी निघालं. आमची परंपराच सांगते की जहाज फुटलं तेव्हा पुस्तकं बुडाली आणि पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उरली ती फक्त ‘शमा’, देव एक आहे सांगणारी प्रार्थना. शनिवार, सुंता, आणि खवले-पर नसलेले मासे खायचे नाहीत, एवढं लक्षात होतं. मग डेव्हिड राहाबी नावाचा कुणी ज्यू आला, त्याने बायकांपुढे मासे टाकले, त्यांनी बरोबर ते मासे बाजूला काढले आणि त्याची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतल्या तिघांना शिकवून काजी केलं, असं सांगतात. म्हणजे ज्या समाजाची ओळख माशांवरून पटली, त्यातल्या मुलांना मी माशाचा काटा अडकवून ‘खेत’ शिकवतेय. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बरोबरच आहे.’’

पुढची गोष्ट आणखी मजेशीर. एकोणिसाव्या शतकात आमच्या मुलांना हिब्रू शिकवण्यात मोठा वाटा कुणाचा? कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांचा, आणि मिशनऱ्यांचा! जॉन विल्सन (हो, तेच, विल्सन कॉलेजवाले) यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू अर्थातच ख्रिस्ती करण्याचा. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं, धर्म ‘नको, थँक्यू’ म्हणून परत केला. फुकटात कोर्स करून नोकरी दुसरीकडे घेण्यासारखंच हे. मिशन शाळांतून शिकलेल्या पिढीनंतर जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखे लोक आले, त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकांची मराठी भाषांतरं केली. १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली. सेदेरच्या रात्रीचं ते पुस्तक. त्यातल्या चित्रात बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करतायत, साड्या नेसून! आणि १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत इस्रायलाइट स्कूल काढलं. मराठी, इंग्रजी आणि हिब्रू, तिन्ही एका छपराखाली. पुढे एली कदूरी यांच्या देणगीनंतर त्यांचं नाव लागलेली माझगावची शाळा तीच. रिबेका रूबेन तिथे १९२२ ते १९५० मुख्याध्यापिका होत्या. १९०५च्या मॅट्रिकला अख्ख्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. आत्याची आई त्यांच्या हाताखाली शिकली, आणि ‘बाई वर्गात आल्या की पंखासुद्धा हळू फिरायचा’ असं सांगायची. आज त्या शाळेत बहुसंख्य मुलं ज्यू नाहीत. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या सर जेकब ससून शाळेचंही तेच. वर्गात बसायला आमची मुलंच उरली नाहीत, तर कोण काय करणार? त्यांचे आईबाप, आजी-आजोबा १९४८नंतर एकेक करून बोटीने, मग विमानाने गेले. शाळेत होणारं हिब्रू आता आत्याच्या हॉलमध्ये रविवारी होतं, काकवीवर.

हे सगळं वाचून मी भारावून वगैरे गेले होते. चष्मेवालीला पुढच्या रविवारी सगळे शब्द फोडून सांगितले. (‘वेगळी झाली’ जास्त बरोबर. ती जिंकली.) त्याच दिवशी क्लास सुटल्यावर धाकट्या साहेबांची आई दारात थांबली.

‘‘आम्ही जुलैत चाललोय,’’ ती म्हणाली. ‘‘अश्दोदला. ह्यांचे भाऊ आहेत तिथे.’’

‘बातम्या बघता ना?’ हे तिला रोज दहा जण विचारत असणार. मी अकरावी झाले नाही.

‘‘तर मला म्हणायचं होतं,’’ ती अवघडून म्हणाली, ‘‘ही गाणी छान आहेत. पण तिकडे बालवाडीत पहिल्या दिवशी कुणी त्याला बायबल विचारणार नाहीये. त्याला पाणी मागता आलं पाहिजे. शू लागली सांगता आलं पाहिजे. कुणी मारलं तर ‘पुरे’ म्हणता आलं पाहिजे. ते शिकवाल?’’

काय उत्तर देणार? तिचं शंभर टक्के बरोबर होतं. मी नवीन नोकरीला बंगलोरला गेले होते तेव्हा मला कन्नड भक्तिगीतं नको होती, रिक्षावाल्याशी बोलायचं होतं.

मग मी यूट्यूब उघडलं. तिथे हिब्रू बालगीतांचा महासागर आहे. दात घासायचं, बस आली, पाऊस पडतो, सगळं. पण हा महासागर अगदी अलीकडचा आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? १८८६ साली रिशॉन लेझिऑन नावाच्या छोट्या वसाहतीत सगळे विषय हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली. १८९८ला तिथेच बालवाडी निघाली. तोवर हिब्रू ही प्रार्थनेची आणि पोथीची भाषा. त्यात बाहुलीला काय म्हणायचं, आइस्क्रीमला काय म्हणायचं, ठरलेलंच नव्हतं! बालवाडीच्या बाईंकडे शब्द कमी, गाणी त्याहून कमी. लेव्हिन किपनिस नावाचा तरुण १९१३मध्ये तिथे पोचला आणि सणांची, फुलांची, सशांची शेकडो गाणी लिहीत सुटला, कारण बालवाडीला ती आठवड्याला लागायची. मुलं दुपारी घरी जाऊन तीच गाणी म्हणत आणि आया ती ऐकून भाषा शिकत. म्हणजे आईबापांनी मुलांना मातृभाषा शिकवायची, हा जगाचा नियम तिथे चक्क उलटा फिरला. उजवीकडून डावीकडे म्हणा.

मग मला एक युक्ती सुचली. एमबीएचा पहिल्यांदाच उपयोग झाला. नवं काही शिकवायचं नाही; आहे त्या गाण्यांतूनच कामाचे शब्द काढायचे. सेदेरला ‘दायेनू’ म्हणतात. त्यातलं ‘दाय’ म्हणजे पुरे. कुणी मारलं की जोरात ओरडायचं : दाय! (हा तास सगळ्यात लोकप्रिय झाला. शेजारच्या काकू बघायला आल्या.) ‘लायला’ म्हणजे रात्र, म्हणून ‘लायला तोव’ शुभ रात्री. करडाच्या गाण्यातलं पाणी अरामी, पण हिब्रू ‘मायिम’ त्याच्या शेजारीच राहतं. आणि तेरा आकड्यांच्या गाण्यातून खजिनाच निघाला. ‘मी’ म्हणजे कोण, ‘अनी’ म्हणजे मी. आपला ‘मी’ तिथे ‘कोण’ होतो, यावर पोरं पाच मिनिटं लोळली. ‘योदेआ’ म्हणजे जाणतो. मुलगी असेल तर ‘योदाआत’, जाणते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला इथे व्याकरण समजवावं लागतं. आमच्या चार वर्षांच्या पोरीने लगेच विचारलं, ‘‘म्हणजे तो जाणतो, ती जाणते, तसं?’’ तसंच, बाळा! मग ‘लो’ म्हणजे नाही, हे सांगून टाकलं. शू लागली त्यासाठी ‘शेरुतिम’ मात्र कुठल्याच पवित्र गाण्यात सापडलं नाही. ते वेगळं पाठ करून घेतलं.

आई खूश. मी त्याहून खूश. आणि मग एका बुधवारी रात्री नऊ वाजता आजोबांचा फोन आला. धाकट्या साहेबांचे आजोबा. आमच्यात सगळे त्यांना अंकल म्हणतात. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये त्यांचं वाचन ऐकायला लोक थांबतात.

‘‘पोरगं ‘मा निश्ताना’ कुठल्या चालीत म्हणतंय गं?’’

‘‘अंकल, ती तिकडची चाल. यूट्यूबवर...’’

पलीकडे शांतता. मग म्हणाले, ‘‘शनिवार सुटला की घरी ये.’’

गेले. चहा झाला, बटाटेवडा झाला. मग त्यांनी डोक्यावर टोपी सारखी केली आणि डोळे मिटून चारही प्रश्न म्हटले. चाल पेणला त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. संगीतातलं मला काही कळत नाही, पण ती जात्यावरच्या ओवीसारखी वाटली. एक स्वर धरून गोल गोल फिरणारी, शेवटी खाली बसणारी. आणि मला एकदम आठवलं, आत्याही अशीच म्हणते. मी लहानपणी अशीच म्हणायचे. मग टीव्ही, सीडी, यूट्यूब, आणि कधी बदललं ते कळलंच नाही. १८८०च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मित्रांनी साकी-दिंडीत योसेफाची, मोशेची कीर्तनं रचली होती. इथल्या चालीत बायबल गायची आमची सवय जुनी. माझ्याकडे येईपर्यंत ती बॅटरी उतरली होती.

‘‘तिकडची चाल तिकडे गेल्यावर शिकेलच की तो,’’ अंकल म्हणाले. ‘‘ती शिकवायला तिथे देश बसलाय अख्खा. ही कोण शिकवणार?’’

‘‘तुम्ही शिकवा ना, अंकल.’’

‘‘माझ्याकडे बसत नाही तो. मी ओरडतो.’’

‘‘तुम्ही जाणार नाही जुलैत?’’ विचारायला नको होतं, पण विचारलं.

‘‘ह्या वयात मी तिथे कुणाशी बोलू? मला प्रार्थना येते, बोलता येत नाही.’’ मग वड्याची ताटली माझ्याकडे सरकवत म्हणाले, ‘‘तू खा.’’

मी मोबाइलवर त्यांचं रेकॉर्डिंग केलं. तीन वेळा, कारण दोनदा खालून भंगारवाला गेला. पुढचे तीन रविवार फक्त तीच चाल. पण पाच वर्षांच्या डोक्यात एकदा बसलेलं बाहेर काढणं म्हणजे सुपरग्लू काढण्यासारखं. पहिला प्रश्न पेणचा, दुसरा यूट्यूबचा. आईला वाटे, एवढ्या वेळात पन्नास शब्द झाले असते. तीही बरोबर. अंकलही बरोबर. आणि मी दोघांनाही ‘हो हो, होतंय’ म्हणत होते, जे आम्ही क्लायंटला डेडलाइनच्या आदल्या दिवशी म्हणतो.

सेदेरची रात्र अंकलकडे होती. आत्या काठी टेकत आली. आम्ही चौदा जण, लांब टेबल, मेणबत्त्या, साखर न घालता केलेलं काळ्या मनुकांचं सरबत. धाकटे साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात खुर्चीवर उभे. मला ऑडिटच्या दिवशी धडधडतं त्याहून जास्त धडधडत होतं.

पहिला प्रश्न पेणच्या चालीत, सुरेख. आत्याने माझ्या हातावर हात ठेवला. दुसऱ्याच्या मधोमध गाडी यूट्यूबवर गेली. ते त्यालाही कळलं, तो परत पेणला आला, तिसऱ्या प्रश्नाचा पहिला शब्द म्हणाला आणि थांबला. सगळे थांबले. अंकलचे ओठ हलत होते, पण त्यांनी शब्द सांगितला नाही. आईने पुढे व्हायला खुर्ची सरकवली. पोराने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, छाती पुढे काढली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘‘अनी लो योदेआ.’’

मला माहीत नाही!

हे वाक्य मी शिकवलं नव्हतं. तीन सुटे शब्द शिकवले होते. ते त्याने स्वतः जोडले होते.

त्याची आई इतकी हसली की तिला ग्लास खाली ठेवावा लागला. मग ती रुमाल शोधायला आत गेली. अंकल हसले नाहीत. ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘काय म्हणाला?’’ सत्तर वर्षं हिब्रू वाचणारा माणूस! मी अर्थ सांगितला. ते थोडा वेळ पोराकडे बघत राहिले. मग त्याला खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतलं आणि उरलेले प्रश्न स्वतः म्हटले. न ओरडता.

जुलैत ते तिघे गेले. क्लासात आता पाच मुलं आहेत. आत्याचा गुडघा ठीक आहे, पण ‘आता तूच कर’ म्हणून ती सोफ्यावर बसून माझ्या चुका काढते. आणि मागच्या खुर्चीवर अंकल असतात. दर रविवारी दहाला पाच मिनिटं असताना येतात, शाळेची दोनशे पानी वही घेऊन. काकवीचं ताट मात्र त्यांनी नाकारलं, शुगर आहे.

परवा क्लास संपल्यावर थांबले. ‘‘काल व्हिडिओ कॉलवर मी त्याला आपली चाल म्हणून दाखवत होतो,’’ म्हणाले. ‘‘तर मधेच सारखं ‘दाय आजोबा, दाय’ म्हणत होता. म्हणजे काय गं?’’

मी सांगितलं.

‘‘अच्छा,’’ म्हणाले, आणि वही उघडून लिहून घेतलं.